फ्यूजमधली जाड तार

कॅन्सर म्हणजे काय, असं कुणालाही विचारा. उत्तर ठरलेलं आहे : "पेशींची अनियंत्रित वाढ." बारावीच्या पेपरात याला पूर्ण मार्क मिळतात. माझं मत असं, की हे उत्तर अर्धंच आहे, आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत आपल्या वाशिमसारख्या जिल्ह्यात म्हाताऱ्या माणसांना मोजावी लागते. प्रोस्टेटच्या कॅन्सरबाबत तर हे फारच खरं आहे. त्यातल्या आक्रमक पेशी वाढतात म्हणून जेवढ्या धोक्याच्या, त्याहून जास्त त्या मरत नाहीत म्हणून धोक्याच्या. इलेक्ट्रिकलच्या पोरानं यात कशाला नाक खुपसायचं, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. विषय पुढे फ्यूजवरच येणार आहे!

प्रोस्टेट म्हणजे पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. लघवीची नळी तिच्या मधूनच जाते. त्यामुळे वय झालं आणि ही ग्रंथी वाढली की धार बारीक होते, रात्रीतून चार-चार वेळा उठावं लागतं. बहुतेकांच्या बाबतीत ती साधी वाढ असते, कॅन्सर नसतो, हे आधीच सांगतो. नाहीतर हा लेख वाचून कुणीतरी घरी फोन करून आजोबांना घाबरवून सोडायचा. कॅन्सर असला तरी तोही सगळ्यांचा सारखा नसतो. काहींचा इतका मंद, की माणूस तो अंगात घेऊन नव्वदी गाठतो आणि दुसऱ्याच कारणानं जातो. काहींचा मात्र थेट हाडांत शिरतो. अमेरिकेतल्या डोनाल्ड ग्लीसन या डॉक्टरांनी १९६६ साली सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची मांडणी बघून गुण द्यायची पद्धत काढली. रिपोर्टवर 'ग्लीसन ८', ९ किंवा १० दिसलं की समजायचं, हा आक्रमक जातीचा. (आयुष्यात जास्त मार्क पडले म्हणून वाईट वाटावं, अशी ही एकच परीक्षा असेल.) २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार जगात वर्षाला १४ लाखांहून जास्त आणि भारतात सुमारे ३८ हजार पुरुषांना हा रोग झाल्याचं निदान होतं. माणसं जास्त जगू लागली की हा आकडा वाढणारच. २०४० पर्यंत जगातले रुग्ण २९ लाखांवर जातील, असं 'लॅन्सेट'च्या आयोगानं २०२४ मध्ये म्हटलं आहे.

आता मरणाकडे वळू.

पेशी दोन तऱ्हांनी मरते. एक म्हणजे अपघाती : भाजली, चिरडली, रक्त मिळालं नाही. दुसरी म्हणजे ठरवून. या दुसऱ्या मरणाला केर, वायली आणि करी या तिघांनी १९७२ साली 'अपॉप्टोसिस' असं नाव दिलं. ग्रीक भाषेतला हा शब्द, अर्थ पानं गळणं. नाव किती अचूक आहे हे आपल्याकडच्या पोरांना पुस्तक न उघडता कळायला हवं. मे महिन्यात वादळ येतं, कडुनिंबाची हिरवी फांदी मोडून लोंबकळते. आठ दिवसांनी जाऊन बघा. पानं वाळून करकरीत झालेली असतात, पण गळत नाहीत. फांदीलाच चिकटून राहतात. त्याच झाडाच्या धडधाकट फांद्या मात्र पानगळीत स्वतःहून मोकळ्या होतात. कारण पान गाळणं हे जिवंत झाडाचं काम आहे. देठापाशी झाड स्वतः एक पातळ थर तयार करतं आणि पान सोडून देतं. मोडलेल्या फांदीत ती ताकदच राहिलेली नसते.

आपल्या शरीरात हे रोज चालतं, अब्जावधी पेशींच्या बाबतीत. आईच्या पोटात असताना आपल्या बोटांमध्ये बदकासारखा पडदा असतो, तो याच मरणानं नाहीसा होतो. एका सूक्ष्म कृमीच्या अंगात वाढीच्या काळात १०९० पेशी तयार होतात आणि त्यातल्या बरोबर १३१ ठरलेल्या वेळी मरतात. ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना या कृमीवरच्या कामासाठी २००२ चं नोबेल मिळालं.

मग ठरवून मरायचं म्हणजे नेमकं काय होतं? इथे फ्यूज येतो. शेतातली डीपी सगळ्यांनी पाहिली आहे. हरभऱ्याला पाणी द्यायचं असतं, लाइन रात्रीची, सगळे पंप एकदम सुरू होतात आणि फ्यूज उडतो. परत बांधला, परत उडाला. शेवटी कुणीतरी वैतागून बारीक तारेऐवजी जाड ॲल्युमिनियमची तार गुंडाळतो. त्या रात्री सगळ्यांचं ओलीत होतं, आणि त्या माणसाला लोक हुशार म्हणतात. पण फ्यूजचं कामच वितळायचं. तो वितळत नाही म्हटल्यावर एक दिवस ट्रान्सफॉर्मर जळतो आणि अख्खं शिवार पंधरा दिवस कोरडं बसतं.

पेशीचा फ्यूज तिच्या मायटोकॉन्ड्रियात असतो. पेशीत मोठा बिघाड झाला की बॅक्स आणि बॅक नावाची प्रथिनं मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पडद्याला भोकं पाडतात. त्यातून सायटोक्रोम-सी बाहेर सांडतं. गंमत अशी, की हेच सायटोक्रोम-सी आत असतं तेव्हा ऊर्जा बनवायच्या कामाला जुंपलेलं असतं. बाहेर आलं की तीच मरणाची वर्दी. हे १९९६ साली शियाओदोंग वांग यांच्या गटानं दाखवलं. वर्दी मिळाली की कॅस्पेस नावाच्या कात्र्या सुटतात आणि पेशी आतून व्यवस्थित कापली जाते. तुकडे शेजारच्या पेशी गिळून टाकतात. ना सूज, ना पू.

आणि जाड तार? तिचं नाव बीसीएल-२. हे प्रथिन बॅक्स-बॅकला धरून ठेवतं, भोकं पाडू देत नाही. ते आधी रक्तपेशींच्या एका कॅन्सरमध्ये सापडलं. तोवर सगळ्यांची समजूत होती, की कॅन्सरचं जनुक म्हणजे पेशींचं विभाजन वाढवणारं जनुक. १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हॉक्स, कोरी आणि ॲडम्स यांनी दाखवलं, की हे जनुक विभाजन वाढवतच नाही, नुसतं मरण थांबवतं. बारावीच्या उत्तराला तिथेच तडा गेला होता. आपण अजून तेच पाठ करतोय.

प्रोस्टेटचा आणि या मरणाचा संबंध तर पहिल्यापासूनचा. १९४१ साली, म्हणजे ज्या वर्षी २८ फेब्रुवारीला मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं त्याच वर्षी, शिकागोत चार्ल्स हगिन्स यांनी दाखवलं, की वृषणं काढून टाकली, पुरुषी हार्मोन थांबलं, की पसरलेला प्रोस्टेटचा कॅन्सरसुद्धा मागे हटतो. हगिन्सना १९६६ मध्ये नोबेल मिळालं. असं का होतं, हे मात्र नंतर उलगडलं. १९७३ मध्ये केर आणि सर्ल यांनी वृषणं काढलेल्या उंदरांची प्रोस्टेट तपासली : ग्रंथी आक्रसत होती ती पेशी पानांसारख्या गळत होत्या म्हणून. टेस्टोस्टेरॉन हा प्रोस्टेटच्या पेशींचा जगायचा परवाना आहे. परवाना काढून घेतला की फ्यूज वितळतो.

मग पेशंट बरा का होत नाही?

पहिलं कारण म्हणजे काही पेशी कमी परवान्यात भागवायला शिकतात. हार्मोन पकडणारा त्यांचा अँटेना, म्हणजे अँड्रोजेन रिसेप्टर, त्या अनेक पटींनी वाढवतात. मग रक्तात उरलेलं थेंबभर हार्मोनही त्यांना पुरतं. काही तर गाठीतच हार्मोन बनवतात. काहींच्या अँटेनाचा हार्मोन पकडणारा भागच तुटलेला असतो आणि तो कायम 'ऑन' राहतो. दुसरं कारण म्हणजे आक्रमक पेशी फ्यूजच बदलतात. १९९२ मध्ये टेक्सासमधल्या डॉक्टरांनी दाखवलं, की हार्मोनला न जुमानणाऱ्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये बीसीएल-२ भरपूर असतं. त्यात पीटेन नावाचा ब्रेक निकामी झाला की पेशीच्या आत 'जग, जग' असा संदेश चोवीस तास चालू राहतो. टीपी५३ हे जनुक म्हणजे आपल्या भाषेत रिले : बिघाड ओळखून सर्किट तोडायचा हुकूम देणारं. तेही गेलं की बिघाड कितीही वाढला तरी ट्रिपिंग नाही. २०१५ मध्ये हार्मोनला न जुमानणारा, पसरलेला कॅन्सर असलेल्या १५० रुग्णांच्या गाठींची जनुकं वाचली गेली. निम्म्याहून अधिक जणांत टीपी५३ बिघडलेलं होतं, सुमारे ४० टक्के जणांत पीटेन.

अजून एक चमत्कारिक गोष्ट. चांगली पेशी आपल्या जागेवरून सुटली की मरते. तिला शेजार लागतो, खालचा आधार लागतो. गाव सोडून जगताच येत नाही तिला. आक्रमक पेशीला येतं. ती रक्तातून तरंगत मणक्यात जाते, तिथे बिऱ्हाड करते आणि वर तिथल्या हाडाकडूनच जगायचे संदेश मिळवते. अशाच एका रुग्णाच्या हाडातल्या गाठीतून १९७९ मध्ये 'पीसी-३' नावाच्या पेशी बाटलीत वाढवल्या गेल्या. त्या अजून मेलेल्या नाहीत! पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहातही त्या आहेत आणि देशभरच्या प्रयोगशाळा त्यांच्यावर औषधं तपासतात. आपल्याकडे पेशी अशा बाटलीत वाढवायची परंपरा मुंबईत पुण्याच्याच डॉ. कमल रणदिवे यांनी १९६० च्या दशकात सुरू केली, हेही जाता जाता लक्षात असू द्या.

जाड तार औषधानं काढून टाकता येत नाही का? प्रयत्न झाले. बीसीएल-२ ला धरणारं व्हेनेटोक्लॅक्स २०१६ पासून एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरवर चालतंय. पण प्रोस्टेटच्या पेशी एकाच तारेवर अवलंबून नसतात. एक काढली तर बीसीएल-एक्सएल किंवा एमसीएल-१ असतंच. आणि बीसीएल-एक्सएल रोखलं तर रक्तातल्या प्लेटलेट मरतात, कारण त्याही त्याच तारेवर जगतात. अख्ख्या गावाचे फ्यूज काढून एका घरची चोरी थांबवण्यासारखं आहे ते.

इथपर्यंतचं सायन्स मी सांगितलं ते एका गोष्टीसाठी. हार्मोन थांबवल्यावर जो पहिला आराम पडतो तो खरा असतो, आणि फसवाही. पाठीतलं दुखणं जातं. रक्तातला पीएसए, म्हणजे प्रोस्टेट जे प्रथिन रक्तात सोडते त्याचा आकडा, शेकड्यांवरून एकच्या खाली येतो. माणूस चालू-फिरू लागतो. ज्या पेशी मरणार होत्या त्या मेल्या. ज्यांच्या फ्यूजमध्ये जाड तार आहे त्या तशाच बसल्या आहेत, आणि आता त्यांना जागा मोकळी झाली आहे. आपल्या कपाशीवर बोंडअळीनं हेच केलं. बीटीला जी अळी मेली नाही तिचीच पिल्लावळ वाढली आणि २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीनं बोंडं पोखरली. पहिली काही वर्षं पीक किती छान आलं होतं, हे आठवून तेव्हा काही उपयोग झाला नाही.

आमच्या शेजारी एक आबाजी होते. पाठदुखीनं अंथरुणाला खिळले, मग मोठ्या शहरात निदान झालं. वृषणं काढायचं छोटं ऑपरेशन झालं. आपल्याकडे हा उपाय बऱ्याच जणांना सुचवला जातो, आणि त्यात चूक काही नाही. इंजेक्शनं दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी आयुष्यभर घ्यावी लागतात, ऑपरेशन एकदाच आणि स्वस्तात. आबाजी दोन महिन्यांत पारावर येऊन बसायला लागले. डॉक्टरांनी दर तीन महिन्यांनी यायला सांगितलं होतं. आबाजी म्हणत, "आता मले काईच होत नाई, मंग कायले जाचं तितल्या दूर?" पोराची मजुरी बुडायची. शिवाय ऑपरेशन कशाचं झालं हे चारचौघांत सांगायचीही चोरी, त्यामुळे विचारपूस करणारंही कुणी नाही. सव्वा-दीड वर्षानं पाठ परत दुखायला लागली. घरच्यांनी तेल लावलं. एका सकाळी पायातली ताकद गेली. मणक्यातली गाठ मज्जारज्जूवर दाबत होती. त्यानंतर आबाजी उठले नाहीत.

पाठ दुखायच्या कितीतरी महिने आधी बहुतेकांचा पीएसए चढू लागलेला असतो. रक्ताची एक बाटली आणि काही शे रुपये. पीएसए चढतोय हे वेळेत कळलं असतं तर करण्यासारखं पुष्कळ होतं. २००४ मध्ये डोसिटॅक्सेलनं या टप्प्यावर पहिल्यांदा आयुष्य वाढवून दाखवलं. २०११ मध्ये अबिराटेरॉन आलं, २०१२ मध्ये एन्झालुटामाइड. २०१५ आणि २०१७ मध्ये आलेल्या मोठ्या चाचण्यांनी तर सांगितलं, की कॅन्सर पसरलेला असेल तर दुसरं औषध सुरुवातीलाच हार्मोनच्या उपचाराबरोबर द्या, जाड तारवाल्यांना वाढायला वेळच देऊ नका. अबिराटेरॉनच्या जेनेरिक गोळ्या आज भारतात बनतात. २०१८ मध्ये ७२ रुग्णांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात, उपाशीपोटी १००० मिलिग्रॅमऐवजी नाश्त्याबरोबर २५० मिलिग्रॅम दिल्यावर पीएसए तेवढाच खाली आला. म्हणजे गोळ्यांचा खर्च पाव! (हे डॉक्टरांनी ठरवायचं, आपण नाही.) औषधानं या पेशी कायमच्या संपतात असं नाही, पण वर्षं मिळतात. नातवाचं लग्न बघता येतं, पायानं चालत संडासला जाता येतं. ही लहान गोष्ट नाही.

म्हणून मला आपल्याकडच्या 'पीएसए तपासणी शिबिरां'चं फारसं कौतुक वाटत नाही. मंडप, बॅनर, पुढाऱ्यांचे फोटो, शंभर म्हाताऱ्यांचं रक्त. साध्या वाढीतही पीएसए चढतो, जंतुसंसर्गातही चढतो. मग चढलेल्या आकड्याचं काय करायचं हे सांगायला दुसऱ्या दिवशी मंडपात कुणी नसतं. सरसकट सगळ्यांची तपासणी करावी की नाही, यावर तज्ज्ञांचंच एकमत नाही. अमेरिकेच्या सरकारी तज्ज्ञमंडळानं २०१२ मध्ये नको म्हटलं आणि २०१८ मध्ये ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांशी बोलून आपलं आपण ठरवावं असं सांगितलं. पण ज्याला रोग आहे हे माहीत आहे, ज्याचा उपचार सुरू झाला आहे, त्याच्या मागे राहायला हवं यावर कुणाचाच वाद नाही. नेमकं तेच होत नाही.

आणि हे खेड्यात जमणारच नाही, असं कुणी म्हणू नये. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला १९८७ पासून कॅन्सरची नोंदणी चालते, ग्रामीण भारतातली पहिली. तिथले कार्यकर्ते गावोगाव फिरून रुग्ण शोधत आणि नोंदवत. पुढे उस्मानाबाद जिल्ह्यातल्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायकांचा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला आणि त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये जगानं वाचले. तोही कोरडवाहूच भाग. रस्ते आपल्यापेक्षा काही फार बरे नव्हते.

आपल्याकडे आज काय आहे? १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला जिल्हा, सहा तालुके. कॅन्सरच्या उपचाराला आपण अकोला गाठतो, नाहीतर नागपूर. समृद्धी महामार्ग शेलुबाजार, कारंजावरून जातो, ज्याच्याकडे गाडी आहे त्याला नागपूर जवळ आलं. ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी एसटीचं वेळापत्रक आहे तेच आहे. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशिमच्या सरकारी मेडिकल कॉलेजचं उद्घाटन झालं, ही मोठी गोष्ट. किरणोपचाराचं मशीन मागायच्या आधी त्या कॉलेजाकडे आपण एक साधी गोष्ट मागावी : जिल्ह्यातल्या प्रोस्टेट कॅन्सरच्या प्रत्येक रुग्णाचा पीएसए दर तीन महिन्यांनी इथेच व्हावा, आकडा त्याच्या अकोल्याच्या किंवा नागपूरच्या डॉक्टरांना कळावा, आणि जो आला नाही त्याला फोन जावा.

त्याला लागणारं सॉफ्टवेअर म्हणजे आपल्या कॉम्प्युटरवाल्यांचं एका रविवारचं काम आहे. दरवर्षी फायनल इयरला आपण त्याच त्या ऑटोमॅटिक स्ट्रीट लाइट आणि स्मार्ट डस्टबिन जमा करतो आणि प्रदर्शन संपलं की ती लॅबच्या कपाटावर धूळ खातात. त्याऐवजी एखाद्या ग्रुपनं हे घ्यावं. डेटा हॉस्पिटलकडेच राहील, कुणाचं ऑपरेशन कशाचं झालं हे गावात कळणार नाही, एवढी काळजी घ्यावी लागेल. रकाने फार नाहीत. नाव, गाव, मोबाइल नंबर, शेवटचा पीएसए, पुढची तारीख. ही पुढची तारीख आज फक्त रुग्णाच्या फायलीत लिहिलेली असते, आणि फाइल घरात कोठीवर, सोयाबीनच्या बियाण्याच्या रिकाम्या पिशव्यांखाली.